गोजरबाईंच्या घरची गोळी

माणसाचं रक्त किती सेकंदांत गोठतं, हे मोजण्यात माझी पंचवीस वर्षं गेली. नवीन जालन्यात स्टेशनच्या रस्त्याला, एका बियाणे कंपनीच्या ऑफिसाखाली माझी रक्ततपासणीची लॅब होती. पाटीवर नाव भालचंद्र दाभाडकर. लोक डॉक्टर म्हणायचे. मी डॉक्टर नाही, पण दिवसातून चाळीस वेळा तेच कोण सांगत बसणार? बायकोच्या मते माझा स्वभाव तापट आहे. माझ्या मते जग गबाळं आहे आणि मी नेमका आहे, एवढाच फरक.

ही गोष्ट १९९८ सालची. दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले होते. एका सोमवारी राजूरकडच्या एका खेड्यातलं जोडपं माझ्याकडे आलं. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं अजून धडधाकट आहेत आणि माझ्या लॅबचा पत्ता त्यांना पाठ आहे. नवऱ्याचं नाव संपत, बायकोचं बेबीनंदा. तिचं पहिलं बाळंतपण होऊन महिना उलटला होता. हातात डॉक्टर गजानन देऊळगावकरांची चिठ्ठी होती.

देऊळगावकरांचा दवाखाना माझ्या समोरच. त्यांनी मला आधीच सगळं सांगून ठेवलं होतं. आमच्याकडे बाळंतिणीला पाणी द्यायचं नाही अशी एक जुनी खोड आहे. पोट सुटतं म्हणे. दिवसाला दोन पेले, तेही उकळून. बेबीनंदाचं अंग त्यात वाळलं, रक्त दाटलं आणि मेंदूतलं रक्त खाली आणणाऱ्या मोठ्या शिरेत त्याची गुठळी झाली. बारशाच्या दिवशी तिचं डोकं ठणकायला लागलं, दुसऱ्या दिवशी फिट आली. औरंगाबादला नेऊन स्कॅन केलं, दहा दिवस रक्त पातळ करायची इंजेक्शनं दिली, आणि पोरगी हिंडूफिरू लागली. गंमत अशी की गुठळीमागे तुंबलेलं थोडं रक्त मेंदूत झिरपलंही होतं, आणि तरी औषध द्यायचं ते रक्त पातळ करायचंच. "तुंबलेली मोरी आधी मोकळी करायची, दाभाडकर. भिंतीची ओल मग आपोआप हटते," डॉक्टर म्हणाले. मला ते पटायला दोन दिवस लागले.

आता पुढचे सहा महिने रोज एक गोळी आणि दर सोमवारी माझ्याकडे तपासणी. औषध कमी पडलं तर गुठळी वाढणार, जास्त झालं तर नको तिथून रक्त वाहणार. म्हणून एक आकडा दोन आणि तीनच्या मध्ये ठेवायचा असतो. तो काढायचं काम माझं.

आकडा निघतो कसा तेही सांगतो, कारण भानगड तिथेच झाली. पेशंटचं रक्त काढायचं, यंत्रात गरगर फिरवून वरचं पिवळं पाणी वेगळं करायचं, ते काचेच्या नळीत घेऊन कोमट पाण्यात धरायचं, त्यात औषधाचे थेंब टाकायचे आणि घड्याळ दाबायचं. नळी हलवत राहायची. आतलं पाणी खिरीसारखं दाटलं की घड्याळ बंद. मग हेच सगळं एका निरोगी माणसाच्या रक्तावर करायचं. निरोगी माणसाला तेरा सेकंद लागतात. पेशंटला त्याच्या दुपटीहून थोडे जास्त लागले की समजायचं, औषध लागू पडलंय. आता निरोगी माणूस रोज कुठून आणायचा? आधी मी माझंच रक्त काढायचो. पुढे कंटाळलो आणि पेशंटबरोबर आलेल्या नातेवाइकाला खुर्चीत बसवू लागलो. संपत तर चांगला पावणेसहा फुटी गडी. त्याच्या हातावरची शीर मला दारातूनच दिसली होती.

पहिल्या सोमवारी बेबीनंदाचे सतरा सेकंद आले, संपतचे तेरा. आकडा एक पूर्णांक तीन. औरंगाबादहून निघताना तो दोनच्या वर होता. डॉक्टरांनी एका गोळीच्या दोन केल्या.

दुसऱ्या सोमवारी बेबीनंदा सतरा, संपत सोळा. दोनाच्या तीन गोळ्या झाल्या. तिसऱ्या सोमवारी बेबीनंदा सतरा, संपतही सतरा. आकडा बरोब्बर एक. म्हणजे कागदावर पाहिलं तर तिला काही औषधच चालू नव्हतं. गोळी वाढेल तसा आकडा खाली! डॉक्टरांनी तीनाच्या चार केल्या आणि रस्ता ओलांडून माझ्याकडे आले.

"दाभाडकर, तुमचं घड्याळ चावीवर चालतं की मर्जीवर?"

"तुम्ही आधी तुमच्या गोळ्या खडूच्या आहेत का ते बघा," मी म्हणालो. आम्ही दोघं चांगले मित्र आहोत.

चौथ्या सोमवारी आकडा पुन्हा एक. त्या दिवशी बेबीनंदा डोकं धरूनच आली. भिंतीला टेकून बसली आणि संपतकडे बोट करून म्हणाली, "हे दोन-दोन दिसून राह्यलेत मला." संपतनं हसायचा प्रयत्न केला, पण त्याला ते जमलं नाही. डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांत बॅटरी मारून बराच वेळ पाहिलं. बाहेर येऊन मला हळूच म्हणाले, "डोळ्यामागची नस सुजलीय. गुठळी परत वाढतेय. या आठवड्यात आकडा चढला नाही तर आधी हिचे डोळे जातील, मग ही जाईल. एकवीस वर्षांची आहे." नाहीतर ते असं बोलत नाहीत. त्यांनी औरंगाबादच्या मोठ्या डॉक्टरांना फोन लावला, शुक्रवारची वेळ मिळाली, आणि जोडपं दुपारच्या बसनं गावी गेलं.

मी थेंबांचं औषध पुरवणाऱ्याला फोनवर इतकं बोललो की शेजारचा पानवाला उठून आला. संध्याकाळी नवी बाटली आली. सकाळचं उरलेलं रक्त पुन्हा तपासलं. दोघंही सतरा. मग वैतागून मी स्वतःच्या हाताला सुई टोचली. माझे आले तेरा.

बाटली बरोबर होती. घड्याळ बरोबर होतं. बिघडलेला होता तो माझा निरोगी माणूस. बायको औषध खात होती आणि नवऱ्याचं रक्त पातळ होत होतं! आणि मी गेले तीन सोमवार एका पातळ रक्ताला दुसऱ्या पातळ रक्तानं भागून डॉक्टरांना आकडे देत होतो. माझ्या नेमकेपणाची मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

मंगळवारी सकाळीच लॅबला कुलूप लावलं. सुया, नळ्या, थर्मासमध्ये कोमट पाणी आणि हातानं फिरवायचं जुनं यंत्र पिशवीत भरलं आणि लूनाला किक मारली. राजूरच्या गणपतीला लांबूनच हात जोडले आणि फाट्याला वळलो. शेतांत कापसाची वेचणी चालली होती. गावात शिरल्यावर लिंबाखाली दाढी करत बसलेल्या न्हाव्याला मी संपतच्या वडिलांचं, कडूबांचं घर विचारलं.

"ज्यांचं रक्त थांबत न्हाई, तेच ना?" त्यानं वस्तरा हवेतच थांबवला. "म्हाताऱ्याची दाढी करायला गेल्तो. जरासं लागलं, तर तुरटी संपली पण रक्त थांबंना. त्याच्या थोरल्या रामकिसनचं तेच. त्यांच्या सालगड्याचं तेच. वस्तऱ्याला धार जास्त झाली म्हणून मी इथं गावाच्या शिव्या खाऊन राह्यलो. पोस्टमनचं बी तसंच झालं परवा. त्याचा त्या घराशी काय संबंध, ते तुम्हीच सांगा."

आणि वस्तऱ्यानंच त्यानं घराची दिशा दाखवली.

घर मोठं, सारवलेलं, नीटनेटकं होतं. घराची मालकीण गोजरबाई, बेबीनंदाची सासू. साठीची, ताठ, आवाज खणखणीत. नवरा कडूबा कमी ऐकायचा आणि त्यातलंही थोडंच मनावर घ्यायचा. थोरला मुलगा रामकिसन, त्याची बायको कौसल्या, धाकटा संपत, त्याची बेबीनंदा आणि सालानं ठेवलेला गडी कचरू, असं ते घर. कौसल्येची पोरगी शाळेत गेली होती. मी पोचलो तेव्हा सगळे जेवून पडवीत ओळीनं बसले होते, प्रसादाला बसावं तसे.

गोजरबाईंनी मला पाट दिला, पाणी दिलं. मग पितळेची परात पुढं ओढली, कमरेचा अडकित्ता काढला आणि पाकिटातून चार गोळ्या काढून एकेक गोळी मधोमध कातरली. इतक्या सफाईनं कातरली की मी पाहतच राहिलो. आठ तुकडे झाले. त्या उठल्या आणि वाटत सुटल्या. कडूबाला एक. रामकिसनला एक. कौसल्येला एक. संपतला, बेबीनंदाला, कचरूला. सातवा स्वतःच्या पदरात. आणि आठवा बशीत ठेवून माझ्यापुढं सरकवला.

"घ्या साहेब. पाहुण्याचा वाटा."

मी बशी परत सरकवली.

"चहा येऊन राह्यलाय," त्या म्हणाल्या. "चहाबराबर घ्या. पोस्टमन तर रोजचेच, परवा गुरुजी होते. आमच्या दारातून कुणी वाट्याबिगर जात न्हाई."

माझा आवाज चढला, हे मी कबूल करतो. मी उठून उभा राहिलो आणि विचारलं, की औषध आजाऱ्याचं असतं का गावजेवणाचं? गोजरबाई रागावल्या नाहीत. त्यांनी मला खाली बसवलं आणि समजावून सांगितलं, आणि सांगण्यात चोरी अशी बिलकुल नव्हती. त्या या घरात नव्या सून म्हणून आल्या, त्याच उन्हाळ्यात कडूबा आणि त्याचे दोन भाऊ एका आंब्याच्या कोयीवरून भांडले. फोडी सारख्या झाल्या होत्या, कोय एकच होती. तीन महिन्यांत घराच्या मधून दोन भिंती उभ्या राहिल्या. गोजरबाईंनी तेव्हा ठरवलं, की आपल्या हयातीत या घरात कुणाला कमी-जास्त होणार नाही. साबणाची वडी त्या दोऱ्यानं कापायच्या. रामकिसनला चष्मा लागला, तेव्हा संपतलाही आणला, साध्या काचेचा. शाळेत मास्तरांनी संपतच्या थोबाडीत मारली, तर घरी येऊन यांनी रामकिसनच्या मारली. पंचक्रोशीत त्यांच्या घराचं नाव होतं. भाऊबंदकी मिटवायला लोक त्यांना बोलावून न्यायचे.

"मंग बेबीनंदा दवाखान्यातून आली, तवा गोळी एक आणि सुना दोन," त्या म्हणाल्या. "धाकलीला द्यायची आन् थोरलीला तोंडाकडं बघत बसवायचं? मी बराबर दोन वाटे केले. मंग डाक्टरानं दोन गोळ्या केल्या. चार वाटे झाले. मंग पोरांनी काय पाप केलं? मंग तीन केल्या. मी आन् हे राह्यलो होतो. मंग चार झाल्या. कचरू ह्याच घरात खातो, त्याला वेगळं ताट न्हाई आमच्यात. आन् एक उरली पाहुण्याला; लेकरांना मोठ्यांचं औषध देत न्हाईत. डाक्टरला घराची माणसं किती ते बराबर ठाऊक दिसतंय."

मी डोकं धरलं. डॉक्टर गोळ्या वाढवत होते आणि या वाटेकरी वाढवत होत्या. बेबीनंदाच्या वाट्याला पहिल्या दिवसापासून आजपर्यंत अर्धीच गोळी येत होती.

सगळ्यांचं रक्त पातळ झालंय म्हटलं तर कुणी विश्वास ठेवीना, म्हणून मी पिशवी उघडली. एकेकाचं रक्त काढलं. यंत्राचा दांडा कचरूनं फिरवला, आधी स्वतःचं रक्त देऊन. पडवीत बसून थर्मासच्या पाण्यात मी सात नळ्या हलवल्या. कडूबा सतरा. रामकिसन सतरा. गोजरबाई सतरा. कौसल्या, संपत, बेबीनंदा सतरा. कचरू सोळा, कारण तो थोडा जाड होता. इतके सारखे आकडे मी आयुष्यात पाहिले नव्हते.

गोजरबाईंचा चेहरा उजळला. "पाहा साहेब. सगळ्यांचं बराबर. कुणाला कमी न्हाई, कुणाला जास्त न्हाई. ह्यो कागद मला लिहून द्या."

"अहो मावशी," मी ओरडलो, "तुमची सून मरायला टेकलीय! सगळ्यांचं सारखं झालंय म्हणूनच मरायला टेकलीय!"

संपत उठला आणि खांबाला धरून उभा राहिला. त्याला काहीच कळलं नव्हतं असं नाही. पण आईच्या परातीतलं आपण नको म्हणायचं असतं, हे त्याला तीस वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं. बेबीनंदा बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. तिनं एका हातानं एक डोळा झाकला होता, समोरची माणसं एकेकच दिसावीत म्हणून.

मी दुकानातल्या एसटीडीवरून देऊळगावकरांना फोन लावला. मीटर पळत होतं, तरी त्यांनी सगळं मला पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "आता घाईघाईनं चारही तिला चारू नका. चार तिच्या पोटात गेल्या तर मेंदूत रक्त वाहील. एकच गोळी. औरंगाबादहून लिहून दिली होती तीच, पुरी. ती पहिल्यापासून तिला मिळाली असती तर मी वाढवलीच नसती. आणि ती देऊन लगेच तिला आणि संपतला घेऊन या. चार दिवस इथं ठेवून इंजेक्शनं देतो. पण दाभाडकर, पुढं सहा महिने ती त्याच घरात गोळी खाणार आहे. तिथलं तुम्ही निस्तरून या."

मी परत आलो तर पडवीत वेगळाच गोंधळ चालला होता. बेबीनंदा मरेल म्हटल्यावर सगळ्यांना एकदम माया फुटली होती. कडूबानं आपला तुकडा तिच्यापुढं ठेवला होता, रामकिसननं ठेवला होता, संपतनं ठेवला होता, कचरूनं तर पाहुण्याचाही उचलून ठेवला होता. आता उलट मलाच सगळ्यांच्या आडवं पडावं लागलं. "इतकं नको! इतक्यानंही मरेल! एकच गोळी, म्हणजे दोनच वाटे!"

"दोन कुणाचे?" रामकिसननं लगेच विचारलं. "माझा चालंल न्हाई तर तसं सांगा."

"थोरल्याचा घेतला तर धाकल्याला काय वाटंल?" कडूबा म्हणाला. त्या दिवसात त्याला ऐकू आलेली ही पहिली गोष्ट.

गोजरबाईंनी हात वर केला. सगळे थांबले. त्यांनी विचार केला आणि निवाडा दिला, आणि खरं सांगतो, तो निवाडा चोख होता. "पहिल्या दिशी गोळी दोघी सुनांत वाटली होती. त्याच दोन वाट्यांची ती एक होती. बाकीच्यांचे मागून आलेत. तवा एक वाटा बेबीनंदाचा. दुसरा कौसल्येचा. वाटा एकदा दिला की तो तिचा. तिनं खुशीनं दिला, तर माझं काही म्हणणं न्हाई."

सगळ्यांनी कौसल्येकडे पाहिलं. ती कोपऱ्यात बसली होती. पंचविशीची, सडपातळ, आल्यापासून एक शब्द बोलली नव्हती. तिचा तुकडा तिच्या उजव्या मुठीत होता. मूठ तिनं छातीशी धरली होती.

"दे बाई," गोजरबाई म्हणाल्या.

कौसल्येनं मान हलवली. "न्हाई."

रामकिसन तिच्या अंगावर धावून जायला उठला. मी त्याचा हात धरला. मग चिडून मी पाकिटातून दुसरी गोळी काढली आणि बेबीनंदापुढं धरली. "ही घे. पुरी आहे. कुणाच्या बापाची नाही."

बेबीनंदानं ती घेतली नाही. एक डोळा झाकूनच ती म्हणाली, "अक्का खुशीनं देत असतील तरच. न्हाई तर नको मला. ह्या घरात मला जगून राहायचंय साहेब. एकटीनं खाल्ली तर जगंन, पण मंग राहू कशी?"

मी अनेक चिवट पेशंट पाहिले आहेत. पण गोळी हातात असून पेशंट न्यायासाठी अडलेला मी पहिल्यांदाच पाहिला. मला रडू येत होतं आणि राग येत होता, आणि दोन्हींतलं जास्त कुठलं ते कळत नव्हतं.

मग कौसल्या बोलली. आवाज चढवला नाही तिनं. "सहा वर्षं झाली. माझी पोरगी झाली, तवा माझंबी डोकं असंच दुखलं होतं. अकरा दिवस. पाणी मागितलं, तर पेला मोजून दिला. वकाऱ्या झाल्या. दातखिळी बसली, तवा कांदा फोडून नाकाला लावला. कुणी गाडी जुंपली न्हाई. तवापासून मला डाव्या अंगाचं दिसत न्हाई. चौकटीला धडकते, हातातून ताट पडतं. तुम्ही मला धांदरट म्हणता. सहा वर्षं धांदरट म्हणून राह्यलात."

रामकिसन होता तिथंच खाली बसला.

"ह्या घरात सगळं बराबर होतं म्हणता," ती गोजरबाईंना म्हणाली. "खरंय, आत्याबाई. पण तवा मी एकलीच सून होते. माझी बराबरी करायला दुसरी नव्हतीच घरात. म्हणून मला काहीच न्हाई आलं. बेबीनंदा आली, तिचं डोकं दुखलं, मंग कुठं मला अर्धी गोळी भेटली. ही माझ्या त्या डोक्याची हाय. मी न्हाई देणार."

मला माहीत होतं, की सहा वर्षांपूर्वीच्या गुठळीला आजच्या गोळीचा काडीचा उपयोग नाही. ते मी सांगितलं नाही. माझ्याकडे सगळ्या दुखण्यांचे आकडे असतात. या दुखण्याचा आकडा कुणी काढलाच नव्हता.

"काय दिलं तर देशील?" मी विचारलं.

"कागद," ती म्हणाली. "हिच्या नावाची फायील हाय. डोक्याचे काळे फोटो हायेत. माझं कुठं काय लिहिलंय?"

मी लॅबचा छापील कागद काढला. वर तिचं नाव लिहिलं, कौसल्या रामकिसन. वय, त्या वेळी एकोणीस. खाली लिहिलं, 'पहिल्या बाळंतपणानंतर अकरा दिवस डोकं दुखत होतं. उलट्या होत्या. फिट आली. डाव्या बाजूचं दिसेनासं झालं. दवाखान्यात नेलं नाही.' मोठ्यानं वाचून दाखवलं. ती ऐकत होती आणि प्रत्येक वाक्याला मान हलवत होती.

"कुणी न्हाई नेलं, ते लिहा," कुणीतरी म्हणालं. मी वर पाहिलं. गोजरबाई होत्या.

"मावशी..."

"लिहा. गोजरबाईनं न्हाई नेलं. पाणी तिनंच मोजून दिलं." त्यांचा खणखणीत आवाज कुठं गेला होता कोण जाणे. "आन् त्याच्यावर माझा अंगठा घ्या."

मी पेनाची शाई त्यांच्या अंगठ्याला लावली. त्यांनी अंगठा कागदावर एकदा दाबला, आणि पुन्हा एकदा. रामकिसन खाली मान घालून जमीन टोकरत होता. कौसल्येनं मूठ न सोडता डाव्या हातानं कागद घेतला, मांडीवर त्याच्या चार घड्या करून पोलक्यात ठेवला. मग उठली, चौकटीला डावा खांदा घासत बेबीनंदापाशी गेली आणि तिच्यापुढं बसली.

पुढचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणाचा जीव टांगणीला राहायला नको. पुढच्या सोमवारी आकडा दोन पूर्णांक दोन आला. या वेळी निरोगी माणूस मीच होतो. बेबीनंदाचे डोळे वाचले. देऊळगावकरांनी कौसल्येलाही बोलावून घेतलं, डोळे तपासले आणि गेलेलं परत येणार नाही हे तिला सरळ सांगितलं. तिनं ते कागदावर लिहून मागितलं.

पण त्या मंगळवारी, पडवीत, कौसल्येनं मूठ उघडली तेव्हा आत गोळी नव्हती. इतका वेळ घामेजल्या मुठीत दाबून धरल्यानं तिचा चुरा झाला होता, आणि तो चुरा ओला होऊन तळहाताच्या रेषांत बसला होता. दोघी जावा त्या हाताकडे पाहत राहिल्या. मी म्हणणार होतो, राहू द्या, पाकिटात दुसरी आहे. तेवढ्यात बेबीनंदानं झाकलेला डोळा उघडला, जावेचा हात दोन्ही हातांत धरला आणि तळहात चाटला. बोटांपासून मनगटापर्यंत, वासरू चाटतं तसा, सावकाश. कौसल्येनं हात काढून घेतला नाही.

औषध पूर्ण गेलं की नाही ते पाहायला मी वाकलो. सवयच आहे माझी. हातावर कणभरही उरलं नव्हतं.